काढा, घाला

दर मंगळवारी टपालाने कायदा यायचा,
प्लास्टिकात गुंडाळलेला, तीन भोकं पाडलेला,
वर पिवळी चिठ्ठी:
काढा, पाने ४१ ते ५६.
घाला, पाने ४१ ते ५८.
तू बाइंडरची कडी उघडायचीस, खट्,
आणि सोमवारपर्यंत खरं असलेलं काहीतरी
टोपलीत पडायचं.

घाई करू नकोस, म्हणायचीस,
एक पान चुकीच्या जागी गेलं
तर वीस वर्षांनी कुणीतरी खटला हरतं
आणि त्याला कळतही नाही का ते.
मी बावीस वर्षांचा. हात अजून
बापाच्या गव्हाच्या कोठारातले,
सास्काटूनच्या थंडीने उललेले.
अंगठ्याला थुंकी लावून पान उलटलं
की तुझी डावी भुवई वर जायची.
तेवढंच.

आपल्या धंद्यात, तू एकदा म्हणालीस,
नाही, तू म्हणाली नाहीस, मीच म्हणतो आहे,
रद्द आणि रद्दी यांत
एका वेलांटीचं अंतर.

व्हर्ना लोझिन्स्की,
बत्तीस वर्षं काउंटरमागे उभी राहून
तू येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य ऐकवलंस:
मला सल्ला देता येत नाही.
कपाट दाखवू शकते.
विधी महाविद्यालयाची पोरं हसायची त्यावर,
परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र
त्याच वाक्यापाशी रांग लावायची.

आणि एकदा तो ट्रकवाला आला,
बुटांचा बर्फ गालिच्यावर वितळतोय,
हातात घर सोडण्याची नोटीस,
चार घड्यांवर फाटत आलेली.
त्यालाही तू तेच वाक्य म्हटलंस.
मग भाडेकरूंच्या कायद्याचा खंड काढून
त्याच्यासमोर ठेवलास, उघडाच,
आणि म्हणालीस, मी जरा चहा करून येते.
तू चहा पीत नाहीस.
वीस मिनिटांनी रिकाम्या हाताने आलीस
तेव्हा त्याचं बोट पोटकलम चारवर होतं
आणि ओठ हलत होते,
पहिलीतल्या मुलाचे हलतात तसे.

प्राध्यापकांच्या पुस्तकांत
आभाराच्या पानावर शेवटी
बायको, मुलं, कुत्रा,
मग "ग्रंथालयातील कर्मचारी".
कुत्र्याचं नाव असायचं.

मग पडदे आले.
आता कायदा रात्रीतून बदलतो,
खट् सुद्धा होत नाही,
आणि काल काय होतं ते बघायला
टोपलीही नाही.
तू यॉर्कटनला बहिणीकडे गेलीस,
जाताना मला तुझा स्टेपलर काढायचा चिमटा दिलास.
मी प्रमुख झालो. प्रमुखाला पहिलं पत्र आलं ते
तिसरा मजला रिकामा करण्याचं.

चाळीस दिवस खंड वजनावर गेले.
परवा विवाहितांच्या मालमत्तेचं एक जुनं पुस्तक हाती आलं.
मागच्या खिशात कार्ड,
कार्डावर उभ्या आयुष्यात एकच नोंद.
एका रात्रीपुरतं नेलेलं, नोव्हेंबर चौऱ्याऐंशी,
सकाळी नऊला परत.
नाव व्हर्ना टकर.

टकर कोण, मला माहीत नव्हतं.
पण व्हचा तो डावीकडे झुकलेला पाय
मी वीस वर्षं शिक्क्यांखाली पाहिलाय.
त्या रात्री कुठल्या स्वयंपाकघरात बसलीस,
कुणी तुझ्यासाठी ते पान उघडून ठेवलं,
की स्वतःलाच वाक्य ऐकवून
स्वतःच चहाला उठून गेलीस?

नऊला तर ग्रंथालय उघडतं.
म्हणजे दारही तूच उघडलं असणार,
आणि परतीचा शिक्काही तूच मारला असणार.

कुणी कुठलं पुस्तक नेलं
ते कुणाला सांगायचं नसतं, पोलिसालाही नाही.
तूच शिकवलंस.
मी कार्ड खिशात परत सरकवलं,
पुस्तक ढिगातून काढलं.

कुठे घातलं, ते कुणी विचारलंच
तर हवा तितका सल्ला देईन.
कपाट दाखवणार नाही.